दोन दिवसांचं तिकीट, पाच रात्रींचा मुक्काम

2011 च्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन आम्ही फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला गेलो होतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. तेव्हा राइडची रांग टाळण्यासाठी कागदी चिठ्ठ्या मिळायच्या. सकाळी फाटक उघडलं की हे चौघांची तिकिटं मुठीत धरून चिठ्ठ्या काढायला पळायचे आणि मी दोन्ही पोरांचे हात धरून मागे. चार दिवसांत चारही पार्क पाहिले. घरी आल्यावर फोटो लावायला बसले, तर आमच्या दोघांचा एकत्र असा एकही फोटो निघाला नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये धाकटाही कॉलेजला गेला. पुढच्या जानेवारीत लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. अटलांटातल्या आमच्या घरात संध्याकाळी सात वाजता टीव्ही लावला नाही तर फ्रिजचा आवाज ऐकू येतो, अशी शांतता. एके रात्री हे म्हणाले, "अगं, तिथेच परत जाऊया. दोघंच. या वेळी पळायचं नाही."

मला पटलं, पण एक अट घातली. मुक्काम पाच रात्रींचा, पार्कचं तिकीट मात्र दोनच दिवसांचं. 2024 मध्ये एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट पार्क आणि तारीख यांनुसार 109 पासून 189 डॉलरपर्यंत होतं. पैसे खूप आहेत हे तर झालंच, पण मला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. एवढं महाग तिकीट काढलं की ते वसूल करायचं भूत मानगुटीवर बसतं. पाय दुखत असले तरी माणूस बसत नाही. वॉल्ट डिस्नेने साठच्या दशकात इथे सुमारे 27 हजार एकर जमीन घेतली. चार पार्कांच्या भिंतींबाहेर तळी आहेत, झाडी आहे, लाँच आहेत, मोनोरेल आहे, एकाहून एक हॉटेलं आहेत, आणि यातल्या बहुतेक ठिकाणी फिरायला तिकीट लागत नाही. मागच्या वेळी हे सगळं आम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं होतं.

शनिवार

पहाटे सहाला निघालो. मेकन, वाल्डोस्टा, मग फ्लोरिडाची हद्द. आय-75 हा रस्ता कंटाळवाणाच आहे. विश्रांतीच्या थांब्यावर बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे डिकीत गुळपोळ्यांचा डबा, तिळाचे लाडू आणि चिवडा होता. पार्कमध्येसुद्धा घरचं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि दारू मात्र चालत नाही. ही गोष्ट आपल्या लोकांना मी आवर्जून सांगते, कारण दोन माणसांचं दुपारचं जेवण तिथे सहज चाळीस डॉलरच्या घरात जातं.

हॉटेल घेतलं पॉप सेंच्युरी. डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांपैकी हे एक. खोली लहान, पण खोलीत फ्रिज आहे, कॉफीचं यंत्र आहे आणि मागच्या अंगाला तळं. पार्किंगचे वेगळे पैसे नाहीत. आणि मुख्य म्हणजे तळ्याच्या काठावरच स्कायलायनरचं स्टेशन. हा 2019 च्या सप्टेंबरात सुरू झालेला रोपवे. तो डिस्नेच्या हॉटेलांना दोन पार्कांशी जोडतो आणि त्यात बसायला एक पैसाही पडत नाही.

काउंटरवरच्या मुलीने लग्नाचा वाढदिवस म्हटल्याबरोबर दोन गोल बिल्ले काढून दिले. ते फुकट असतात, फक्त मागावे लागतात. ह्यांनी आधी खिशात घातला. मी म्हटलं, "अहो, लावा की. इथे कोण ओळखीचं आहे?" मग लावला.

संध्याकाळी रोपवेच्या पाळण्यात बसलो. एका पाळण्यात दहा माणसं मावतात, पण गर्दी नसली की दोघांनाच सोडतात. दार लागलं आणि पाळणा स्टेशनच्या बाहेर पडून वर उचलला गेला, तसा खालचा सगळा आवाज एकदम मागे राहिला. वातानुकूलन नाही; जाळीच्या खिडक्यांतून गार वारा येत होता. खाली तळ्याच्या पाण्यात हॉटेलचे लाल-पिवळे दिवे हलत होते. कॅरिबियन बीचला पाळणा बदलला, रिव्हिएरा ओलांडलं आणि एप्कॉटच्या मागच्या फाटकाशी उतरलो. फाटकातून आत जायला तिकीट लागतं, म्हणून आम्ही तिथून वळलो आणि पायवाटेने बोर्डवॉकला गेलो.

बोर्डवॉक म्हणजे तळ्याकाठचा लाकडी फळ्यांचा रुंद रस्ता. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या गावांसारखा तो 1996 मध्ये बांधला. पावलं त्या फळ्यांवर ठक ठक वाजतात. एका बाकावर बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. समोरून लाँच येत-जात होती. रात्री झाडांच्या शेंड्यांवर एप्कॉटची आतषबाजी दिसली. संपूर्ण नाही, वरची वरची. आवाज थोडा उशिरा पोचत होता. दहा वाजले तरी दोघांपैकी कुणीच घड्याळ पाहिलं नव्हतं.

रविवार

सकाळपासून धो धो पाऊस. वारा एवढा की खोलीच्या बाहेरच्या गॅलरीत उभं राहवेना. विजा चमकल्या की रोपवे थांबवतात, म्हणून त्या दिवशी गाडी काढली आणि ॲनिमल किंगडम लॉजला गेलो.

हे एक मोठं हॉटेल आहे, 2001 मध्ये उघडलेलं. अर्धवर्तुळाकार इमारतींच्या कुशीत मोकळी गवताळ राने केली आहेत आणि त्यांत जिराफ, झेब्रे, शहामृग, हरणं हिंडत असतात. इथे राहायचं तर एका रात्रीचे पैसे ऐकून छातीत धस्स होतं. पण पाहायला यायला मनाई नाही. गच्चीसारखे ओटे आहेत, तिथे उभं राहून कितीही वेळ पाहा.

पावसामुळे ओट्यांवर जाता येईना. मग दिवाणखान्यात बसलो. छत गवताने शाकारलेल्यासारखं, चार-पाच मजले उंच. नायजेरियातल्या इग्बो लोकांचा एक प्रचंड मुखवटा तिथे आहे, इजेले नावाचा, माणसाच्या जवळजवळ तिप्पट उंच. त्यावर कापडाच्या छोट्या छोट्या बाहुल्या, प्राणी, माणसं, सगळा गावच चढवलेला. दोन तास आम्ही तिथल्या खोल खुर्च्यांत बसून होतो. मी विणकाम काढलं. हे डुलकी घेत होते. कुणी उठवलं नाही, कुणी काही घ्या म्हणालं नाही.

तीनच्या सुमाराला पाऊस थांबला आणि आम्ही बाहेर आलो. गवत निथळत होतं. आणि समोर, वीस-पंचवीस पावलांवर, तांबड्या अंगाचे बैल उभे. अँकोले जातीची ही आफ्रिकन गुरं. शिंगं इतकी मोठी की बुंध्याशी माणसाच्या मांडीएवढी जाड आणि टोकाशी वळून आकाशाकडे गेलेली. ती आतून पोकळसर असतात, आणि त्यांतून रक्त फिरत असल्यामुळे उन्हाळ्यात जनावराचं अंग थंड राहायला मदत होते, असं म्हणतात.

ह्यांचं गाव आटपाडी तालुक्यातलं. खिल्लार बैलांच्या मुलखातला माणूस. कठड्याला दोन्ही हात टेकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आण्णांनी खरसुंडीच्या जत्रेतून जोडी आणलेली, आठवतंय? नाही, तू तेव्हा कुठे होतीस. मी सातवीत होतो. रात्रभर गोठ्यात झोपलो होतो त्यांच्याजवळ." पंचवीस वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. त्या बैलांची नावं काय होती, कोणता डावीकडे चालायचा, कोणाची शिंगं आण्णा सणाला कोणत्या रंगाने रंगवायचे, सगळं सांगत होते. पुढचा एक जिराफ आमच्याकडे बघत उभा होता आणि आमचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

त्या लॉजच्या दुसऱ्या इमारतीत, किदानी व्हिलेजमध्ये, सना नावाचं खानावळवजा रेस्तराँ आहे. आफ्रिकन स्वयंपाक, पण भारतीय मसाल्यांचा हात लागलेला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपल्या लोकांचा जो वावर होता त्याची ती चव. तिथे नुसतं नान, कुलचा अशा भाकऱ्यांचं ताट मिळतं आणि सोबत नऊ वाट्यांत चटण्या, लोणची, रायतं. दोघांनी एकच ताट घेतलं. पोट भरलं. खिडकीबाहेर झेब्रे. रविवारचा आमचा सगळा खर्च म्हणजे ते एक ताट.

सोमवार

तिकिटाचा पहिला दिवस, मॅजिक किंगडम. आणि ह्यांची संकष्टी. मी आदल्या रात्री विचारलं, "एवढं फिरायचंय, या वेळी सोडायची का?" तर नाही म्हणाले. मग केळी, शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर घेतले. पाणी विकत घ्यायचं नाही. खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर मागितलं की बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला फुकट देतात.

आम्ही ठरवून उशिरा, अकराला गेलो. उघडायच्या वेळेला धावणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते. मोठ्या राइडच्या रांगेत अजिबात उभे राहिलो नाही. जुन्या आणि बसून पाहायच्या गोष्टी तेवढ्या निवडल्या.

आधी आगगाडी. पार्कभोवती फिरणारी, वीसेक मिनिटांची फेरी. खोट्या इंजिनाची नव्हे, वाफेचीच. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात 1916 ते 1928 या काळात बनलेली चार इंजिनं मेक्सिकोच्या युकातानमध्ये राबत होती. ती विकत आणून दुरुस्त केली आणि 1971 मध्ये ती इथे धावू लागली. त्यातल्या एकाचं नाव लिली बेल. वॉल्टच्या बायकोचं नाव लिलियन, तिच्यावरून. तीन फुटी रूळ. मी मिरजेची. लहानपणी मिरजेहून पंढरपूरला अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइट जायची, आजीबरोबर त्या गाडीत बसले आहे. वाफेचा तो ओला, कोळपल्यासारखा वास नाकात आला आणि मी ह्यांना म्हटलं, अजून एक फेरी. उतरलोच नाही. कुणी उतरवलंही नाही. गाडी ज्या नदीकाठाने जायची ती नदी आणि तिच्यातली जुन्या धाटणीची बोट 2025 च्या जुलैत बंद झाली. तिथे आता नवं काही बांधतायत. आम्हाला ती झाडाआडून दोनदा दिसली, त्याचं आता बरं वाटतं.

मग पीपलमूव्हर. 1975 पासून चालू असलेली ही उंच रुळांवरची संथ गाडी. दहा मिनिटं, रांग जवळजवळ नाही. चाकांना इंजिन नाही, रुळांत बसवलेल्या चुंबकीय मोटारी तिला पुढे ढकलतात. वाटेत एका अंधाऱ्या जागी काचेपलीकडे एका शहराची प्रतिकृती दिसते. वॉल्टला खरोखरचं माणसं राहतील असं नवं शहर वसवायचं होतं, त्याचा हा नमुना. 1966 च्या डिसेंबरात तो गेला आणि ते शहर राहूनच गेलं. पार्क मात्र त्याच्या मोठ्या भावाने, रॉयने, निवृत्ती पुढे ढकलून 1 ऑक्टोबर 1971 ला उघडून दाखवला, आणि त्याच डिसेंबरात तोही गेला. थोरल्या भावाने धाकट्याचं अपुरं काम पुरं केलं, ही गोष्ट मला या सगळ्या जागेत सगळ्यात जवळची वाटते.

जवळच कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस आहे. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेसाठी वॉल्टने केलेला हा खेळ. रंगमंच जागेवर राहतो आणि आपण बसलेलं प्रेक्षागृहच फिरतं. एका कुटुंबाचं घर गॅसच्या दिव्यांच्या काळापासून पुढे कसं बदलत गेलं, ते यंत्राच्या बाहुल्या दाखवतात. गार हवा, मऊ खुर्ची, वीस मिनिटं. पाय दुखणाऱ्या जोडप्यांनी हे चुकवू नये.

पाच वाजता मेन स्ट्रीटच्या चौकात ध्वज उतरवतात. रोज एखाद्या माजी सैनिकाला तो मान असतो. त्या दिवशी एक ऐंशीच्या पुढचे आजोबा होते, घडी घातलेला ध्वज छातीशी धरून उभे. त्यांची बायको कठड्याशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. बोलण्यासारखं काही नव्हतं, आम्हीही नुसते उभे राहिलो.

रात्रीची आतषबाजी पाहायला किल्ल्यासमोर माणसं दोन-दोन तास आधीपासून बसतात. आम्ही सातला पार्कातून बाहेर पडलो आणि मोनोरेल घेतली. ती कंटेम्पररी नावाच्या हॉटेलच्या पोटातून जाते, खाली लोक जेवताना दिसतात. पॉलिनेशियन हॉटेलला उतरून तळ्याकाठच्या वाळूत गेलो. हॉटेलात राहणाऱ्यांसारखेच आम्हीही तिथे बसलो, पंचा अंथरून. समोर काळं पाणी, पलीकडे बोटभर उंचीचा उजळलेला किल्ला. आठच्या सुमाराला आतषबाजी सुरू झाली, संगीतही इकडे ऐकू येतं. पाण्यात प्रत्येक फुलबाजा दोनदा दिसत होता.

बहुतेक लोक उठून गेले. आम्ही थांबलो, कारण चंद्र यायचा होता. नऊच्या पुढे पाण्यावरून दिव्यांची मिरवणूक आली. तराफ्यांवर उभारलेल्या जाळ्या, त्यांवर दिव्यांचे साप, कासव, देवमासा, डॉल्फिन. शेपट्या हलवत, साध्या बाजाच्या गाण्यावर. ही मिरवणूक 1971 मध्ये सुरू झालेली. आजच्या मानाने फार साधी. पण दिव्यांचा तो देवमासा अंधारात जवळून शांतपणे गेला तेव्हा मला लहानपणीच्या गणपतीतल्या देखाव्यांची आठवण झाली. लाकडी चौकटीवर बल्ब लावून केलेला, मान डोलावणारा हत्ती असायचा, तसं.

साडेनऊच्या सुमाराला उजवीकडे, झाडांच्या वर, पिवळट चंद्र दिसायला लागला. मी डबा उघडला. ह्यांनी बूट काढले, चंद्राकडे पाहून हात जोडले, पाण्याच्या बाटलीतून थोडं पाणी वाळूवर सोडलं. तिळाच्या लाडवाचा अर्धा तुकडा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. पलीकडच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, काही सण आहे का? आम्ही सांगितलं आणि त्यांनाही एक लाडू दिला.

मंगळवार

तिकिटाचा दुसरा दिवस, एप्कॉट. तळ्याकाठून पाळण्याने, कॅरिबियन बीचला बदलून, मागच्या फाटकाला.

एप्कॉट 1982 ला उघडलं. त्याच्या अर्ध्या भागात एका तळ्याभोवती अकरा देश मांडले आहेत. एक फेरी म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. भारत त्यात नाही. इथे चालणं हीच करमणूक. नॉर्वेच्या लाकडी चर्चमध्ये शिरलो, जर्मनीत बागेतल्या खेळण्यातल्या आगगाड्या पाहिल्या, मोरोक्कोच्या फरशांपुढे उभे राहिलो. त्या फरशा बसवायला तिथल्या राजाने आपले कारागीर पाठवले होते. मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या आत कायम संध्याकाळ असते. आत शिरलं की निळं आकाश, बाजार, दिवे, आणि त्यामागून संथ होडी. रांग पाच मिनिटांची. आम्ही त्या होडीत दोनदा बसलो.

दुसरी होडी द लँड नावाच्या शेतीवरच्या दालनातली. ती खऱ्या हरितगृहांतून जाते. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर आणि हवेत लटकत वाढवलेली टोमॅटो, वांगी, भोपळे. लिंबू एकेक मुलाच्या डोक्याएवढं. ह्यांना होडी जरा थांबवता आली तर हवी होती.

जानेवारी-फेब्रुवारीत इथे कलामहोत्सव असतो, म्हणूनच आम्ही हे दिवस धरले होते. त्यात एक भलंमोठं चित्र भिंतीवर नुसत्या रेषांत काढून ठेवतात. प्रत्येक चौकटीत आकडा. रांगेत उभं राहिलं की हातात एक छोटा कप देतात, तळाशी थोडा रंग, आणि एक ब्रश. तुमच्या आकड्याच्या थोड्याशा चौकटी तुम्ही रंगवायच्या. पैसे नाहीत. मला करडा-निळा मिळाला, ह्यांना गुलाबी. ह्यांनी शाळा सुटल्यापासून ब्रश धरलेला नव्हता. जीभ दातांत धरून, एकही रेष न ओलांडता, सगळ्या कडा आधी आणि मग मध्ये, असं त्यांनी रंगवलं. माझ्या बाजूची एक मुलगी संपवून गेली, तिच्यामागची दुसरी गेली, हे अजून तिथेच. गुडघ्यावर बसून रंगवणाऱ्या ह्यांचा फोटो मी काढला. मग तिथल्या मुलाने आमच्या दोघांचा काढला. तोच आता दिवाणखान्यात लावलाय.

क्लब कूलमध्ये देशोदेशीची सरबतं फुकट चाखायला मिळतात. इटलीचं बेव्हर्ली कडू आहे. काढ्याची सवय असलेल्यांना मुळीच वाईट लागणार नाही.

बुधवार

तिकीट नाही, घाई नाही. दुपारी डिस्ने स्प्रिंग्जला गाडी लावली, तिथलं पार्किंग फुकट. दुकानांकडे न वळता सरळ धक्क्यावर गेलो. तिथून पोर्ट ऑर्लिन्स हॉटेलांना लाँच जाते. अरुंद नदी, दोन्ही काठांनी झाडं, पाण्यात उन्हाला बसलेली कासवं. फ्रेंच क्वार्टरला उतरून बेन्ये घेतले. तळलेली मऊ फुगीर पुरी, वर पिठीसाखरेचा थर. दोघांत एक पुडा. ह्यांच्या काळ्या स्वेटरवर साखर सांडली, ती झटकत पुढच्या लाँचची वाट पाहिली. येण्याजाण्याचे पैसे शून्य.

संध्याकाळी फोर्ट विल्डर्नेस. हे तंबूवाल्यांचं आणि फिरत्या घरांचं रान, साडेसातशे एकरांचं, 1971 पासूनचं. आतमध्ये बाहेरच्या गाड्या नेता येत नाहीत. फाटकाजवळ गाडी ठेवून आतल्या बसने जायचं. आधी घोड्यांच्या पागेत गेलो. मेन स्ट्रीटवरच्या घोडागाड्या ओढणारे हे अवजड घोडे, खूर ताटाएवढे. एकाचा खरारा चालला होता. मग रात्री मोकळ्या मैदानातली शेकोटी. रोज रात्री पेटवतात, गाणी म्हणतात, मग पडद्यावर सिनेमा दाखवतात. कुणीही यावं, काही द्यावं लागत नाही. भाजायला मार्शमेलो आपले आपण आणता येतात. आम्ही जिलेटिन नसलेले बाजारातून आणले होते.

गाणी मुलांसाठी होती, खारींचा वेष घेतलेली जोडी नाचत होती. आम्ही मागच्या आगीपाशी फळीवर बसलो. थंडी चांगलीच पडली होती. काठीच्या टोकाला लावलेला मार्शमेलो माझा लगेच पेटला. ह्यांनी मात्र आपला निखाऱ्यांच्या बाजूला, ज्वाळेपासून लांब धरला आणि हळूहळू फिरवत राहिले. "हुरड्याची आगटी अशीच असते," म्हणाले. "जाळावर नाही, फुफाट्यात. कणीस फुफाट्यात घातलं की आण्णा आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. ते चोळून गरम दाणे हातावर द्यायचे." जानेवारी म्हणजे गावाकडे हुरड्याचाच हंगाम. त्यांच्या काठीवरचा मार्शमेलो सगळीकडून सारखा सोनेरी झाला होता. तो त्यांनी फुंकर घालून माझ्या तळहातावर ठेवला.

सिनेमा सुरू झाला तेव्हा शाल दोघांवर घेतली आणि संपेपर्यंत बसलो.

गुरुवार

अकराला खोली सोडायची होती. सातला उठून तळ्याकाठी गेलो, खोलीतल्या यंत्राची कॉफी आणि डब्यातल्या शेवटच्या दोन गुळपोळ्या घेऊन. पाळणे अजून सुरू झाले नव्हते, तारेला एकापाठी एक टांगून राहिले होते. काठावरच्या खांबावर एक पाणकावळा ओले पंख पसरून उन्हात वाळवत बसला होता. गुळपोळी थंडीने कडक झाली होती, कॉफीत बुडवून खाल्ली.

"पुढच्या वर्षी तिकीट एकच दिवसाचं काढू," हे म्हणाले. मग तो पक्षी उडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.